समोर भरलेली बाटली

कागद कोणताही असो, चीफ तो एका बोटाने वीतभर लांब सरकवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "बरं. आणि त्याच्या आधी?"

हे वाक्य मी तीन वर्षं ऐकलं. सुरुवातीला हसू यायचं, मग कंटाळा यायला लागला, आणि शेवटच्या वर्षी तर त्यांनी चष्म्याला हात लावला की माझ्या कपाळाची शीर उडायची. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सोसायटीच्या सभेत एक असतो, लग्नाच्या याद्या करताना एक असतो. पण सभा संपते आणि लग्नही लागून जातं. माझा माणूस रोज सकाळी साडेनऊला शेजारच्या टेबलावर येऊन बसायचा.

आमची कचेरी लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. काम सांगायला सोपं आहे. जहाजं जे काळं, दाट तेल जाळतात त्याचा धूर फार. म्हणून आता सगळ्यांना दुसरं इंधन हवंय. कोणी अमोनिया म्हणतं, कोणी मेथनॉल, कोणी खाद्यतेलापासून केलेलं इंधन. यातलं खरोखर स्वच्छ कोणतं, आणि कोणाच्या पोटावर पाय न देता वर्षानुवर्षं पुरेल असं कोणतं, हे तपासून आम्ही जहाज कंपन्यांना अहवाल देतो. इंधन जळताना किती धूर निघतो तेवढंच बघून भागत नाही, ते तयार होताना किती निघाला तेही बघावं लागतं. म्हणजे त्यांचा प्रश्न हा आमच्या कामाचाच प्रश्न होता, हे मला मान्य आहे. पण म्हणून तो दिवसातून चाळीस वेळा विचारायचा?

ते निवृत्त चीफ इंजिनिअर. उभी हयात जहाजांच्या पोटात, इंजिनाच्या धडधडाटात काढलेली. निवृत्तीनंतर आमच्याकडे सल्लागार म्हणून आले आणि डायरेक्टरपासून सगळे त्यांना 'चीफ' म्हणू लागले. वाढले नायगावला, पोलीस क्वार्टर्समध्ये, वडील हवालदार. "आमच्या घरात जास्तीची चपाती मागितली तरी आधी जबाब नोंदवायला लागायचा," असं ते स्वतःच सांगायचे. त्यामुळे खोड रक्तातली होती, औषध नव्हतं.

एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते. काकूंनी ताटात बोंबील वाढता वाढता मला सांगितलं, "अगं, हे मला बघायला आले ना, तेव्हा माझे बाबा म्हणाले, आम्ही मूळचे अलिबागचे. तर हे विचारतात, आणि त्याच्या आधी? बाबा आत येऊन आईला म्हणाले, हा नवरामुलगा आहे की तलाठी?"

चीफ बोंबलाचा काटा बाजूला ठेवत म्हणाले, "पण उत्तर दिलं नाही हं त्यांनी. अजून बाकी आहे."

काकू हसल्या. मला हसता आलं नाही, कारण त्याच दिवशी दुपारी त्यांनी माझा मेथनॉलचा तक्ता परत पाठवला होता. आमच्या तक्त्यांत तीन रंग असतात. हिरवा म्हणजे इंधन चांगलं, पिवळा म्हणजे शंका आहे, लाल म्हणजे नको. मी मेथनॉलला हिरवा दिला होता. मेथनॉल कशापासून, तर हायड्रोजनपासून. आणि त्याच्या आधी? हायड्रोजन विजेपासून. आणि त्याच्या आधी? वीज उन्हापासून. "आणि ऊन मावळल्यावर कारखाना बंद ठेवणार का हे लोक?" मी कंपनीला पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं की ऊन मावळल्यावर नेहमीच्या तारेवरची वीज घेणार. ती कोळशाची. हिरव्याचा पिवळा झाला. चीफांच्या हाती पडून हिरवा राहिलेला रंग मी तरी पाहिला नाही.

अमोनियाच्या वेळी तर त्यांनी कहर केला. अमोनियावर चालणारी इंजिनं विकणाऱ्या एका परदेशी कंपनीचा माणूस आला होता. टाय, लॅपटॉप, पडद्यावर निळंशार पाणी. अमोनियाच्या धुरात कार्बन नसतोच, असं तो पाऊण तास सांगत होता. चीफांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही वास घेतलाय कधी?" पाहुणा म्हणाला, पुस्तकात वाचलंय. झालं. चीफांनी त्याला टॅक्सीत घातलं, मलाही घातलं, आणि बंदराजवळच्या एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात नेलं. मासेमारीच्या बोटींना लागणारा बर्फ तिथे अमोनियाच्या यंत्रांवर तयार होतो. आम्ही दारातच होतो तरी पाहुण्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. कारखान्यातला म्हातारा कामगार त्याच्याकडे बघत म्हणाला, "आज तर काहीच नाय. पाइप गळला की मग बघा."

चीफांनी पाहुण्याला आपला रुमाल दिला आणि मला म्हणाले, "इथे दार चार पावलांवर आहे. जहाजात माणूस तळाला असतो आणि दार चार जिने वर. हे त्याला इंग्रजीत समजावून सांग." मी सांगितलं. माफीचं पत्रसुद्धा मीच लिहिलं. पण एवढं खरं, की नंतर त्या कंपनीने गळती झाल्यावर काय करायचं याची वेगळी वही पाठवली. अशी वही त्यांच्याकडे तोवर नव्हतीच.

आता बाटलीविषयी सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरून आहे. जहाजात इंधन भरताना त्यातली एक बाटली काढून ठेवायची पद्धत असते. तेल देणारा आणि घेणारा, दोघांच्या समोर ती भरतात, सील करतात आणि चिठ्ठीवर दोघं सह्या करतात. उद्या इंजिन बिघडलं, तर तेल कसं होतं हे ती बाटली सांगते. चीफ तरुणपणी एकदा एका बंदरात आधीच भरून ठेवलेल्या बाटलीवर सही करून मोकळे झाले होते. तेलवाला म्हणाला, सकाळीच काढलीय, कशाला थांबता उन्हात. टाक्यांत जे आलं ते निम्मं पाणी. भर समुद्रात इंजिन बंद पडलं आणि जहाज दोन दिवस लाटांवर हेलकावे खात होतं. बाटलीतलं तेल मात्र स्वच्छ, आणि खाली सही चीफांची.

"तेव्हापासून एकच नियम," ते म्हणायचे. "समोर भरलेल्या बाटलीवरच सही. नाहीतर देवाने भरली असली तरी नाही." ही गोष्ट मी किती वेळा ऐकली ते विचारू नका. नवा माणूस ऑफिसात आला की त्याला ती पहिल्याच आठवड्यात ऐकवली जायची.

नमनालाच घडाभर तेल झालं. मुख्य गोष्टीतही तेलच आहे.

किनाऱ्याने माल नेणारी एक कंपनी आमच्याकडे आली. तिला आपली जहाजं वापरलेल्या खाद्यतेलाच्या इंधनावर चालवायची होती. म्हणजे हॉटेलं, फरसाणवाले, खानावळी तळून झाल्यावर जे तेल टाकून देतात ते गोळा करायचं, त्याचं इंधन करायचं आणि जहाजात भरायचं. टाकाऊ वस्तू वापरात येते, जंगल तुटत नाही, शेत अडत नाही. कागदावर याच्याइतकं गोड इंधन दुसरं नाही. हा अहवाल पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्यावर सोपवला होता. मी तीन वर्षं कंत्राटावर होते, दर सहा महिन्यांनी पत्र वाढवून घेत होते. डायरेक्टरांनी केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं, "हा वेळेवर गेला की तुमचं कायम झाल्याचं पत्र माझ्या सहीने निघेल." घरी आई आणि मी, दोघीच. बाबा गेल्यापासून घर माझ्या पगारावर. त्यामुळे हे पत्र मला किती हवं होतं ते तुम्हाला कळेल.

अहवालावर दोन सह्या लागायच्या, एक माझी आणि एक चीफांची. मी तक्ता हिरवागार करून त्यांच्यापुढे ठेवला. बोट आलं, कागद सरकला, चष्मा चढला.

"बरं. हे तेल कुठलं?"

"हॉटेलांचं. वापरलेलं. मागे यादी जोडलीय, सगळी लालबाग-परळ-दादरची दुकानं आहेत."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी ते वडे तळत होतं, चीफ!" माझा आवाज चढला. आजूबाजूच्या चार माना वळल्या.

ते उठले आणि खुंटीवरची टोपी घेतली. "चल. वडे बघून येऊ."

भर दुपारी आम्ही यादी घेऊन निघालो. पहिलंच नाव लालबागच्या एका फरसाणवाल्याचं. गल्लीच्या तोंडाशी मोठी कढई आणि मागे मामा, म्हणजे सगळे त्यांना मामाच म्हणतात. शेव पाडत होते.

चीफांनी विचारलं, "मामा, तळून उरलेलं तेल कधी टाकता?"

मामांनी सोऱ्या फिरवायचा थांबवला. "तेल टाकतो? तेल टाकतो कोण?"

"म्हणजे शेवटी काय करता त्याचं?"

"शेवट कसला? सकाळी शेव निघते, मग पापडी, मग भजी. तेल खाली गेलं की वरून नवीन ओतायचं. माझ्या बापापासून ही कढई कधी रिकामी नाय झाली. रिकामी झाली तर धंदा बसला समजा." मग जरा विचार करून म्हणाले, "तळाला जो गाळ राहतो ना, दाट, तो शिवडीचा साबणवाला नेतो. पण आता हल्ली एक टेम्पोवाला येतो. तो जास्त देतो."

मी वहीत लिहून घेत होते आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. दादरला आमच्या घरी ओट्याखाली स्टीलची झाकणाची किटली आहे. वर गाळणी बसवलेली. दिवाळीच्या चकल्यांचं तेल तिच्यात जातं, त्यात पुढे पुऱ्या होतात, मग ते फोडणीला संपतं. माझ्या उभ्या आयुष्यात आईने वाटीभर तेल मोरीत ओतलेलं मी पाहिलेलं नाही. तुमच्याही घरी अशी किटली असेल. आणि मी, त्या किटलीच्या तेलातल्या पुऱ्या खाऊन वाढलेली बाई, काचेच्या इमारतीत बसून लिहून मोकळी झाले होते, की आख्खं लालबाग रोज पिंपंच्या पिंपं तेल टाकून देतं. स्वतःचाच इतका राग आला की तो मी चीफांवर काढला. म्हटलं, "एका दुकानावरून काही सिद्ध होत नाही."

"बरोबर," ते म्हणाले. "पुढचं नाव वाच."

पुढची एक मालवणी खानावळ. तिथल्या बाई म्हणाल्या, "तेल खंय उरता ओ? माशाचा तेल माशाकच लागता." त्याच्या पुढच्या पत्त्यावर मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान होतं. आणि चौथं नाव दादरच्या एका दूधवाल्याचं निघालं. तिथे पीयूष, ताक आणि खरवस एवढंच मिळतं.

चीफांनी पीयूषचे दोन पेले मागवले आणि काउंटरवरच्या माणसाला गंभीरपणे विचारलं, "हे तळून झाल्यावर तेलाचं काय करता?"

"मस्करी करता का काका?" तो म्हणाला.

"मी नाही. ही यादी करतेय."

तिसऱ्या दिवशी आम्ही शिवडीला गेलो, साबणवाल्याकडे. गोदामाच्या मागे पत्र्याची शेड, कपड्याच्या साबणाच्या पिवळ्या वड्या वाळत घातलेल्या. तो वैतागलेलाच होता. जुनं तेल टेम्पोवाले पळवतात म्हणून त्याला आता बंदरावर उतरणारं नवं पामतेल घ्यावं लागत होतं. चीफांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे जहाज जुनं तेल जाळणार आणि साबण नवं तेल खाणार. आणि ते नवं तेल कुठून येणार, तर समुद्रापलीकडचं जंगल तोडून. आता रंग कोणता देतेस?"

उन्हाने डोकं दुखत होतं आणि मला फक्त माझं पत्र दिसत होतं.

परत येताना ते पुन्हा मामांकडे थांबले. पिशवीतून औषधाच्या रिकाम्या बाटल्या काढल्या. दर महिन्याला कढईतली एक बाटली काढायची, म्हणजे तेल कितीदा वापरलंय ते प्रयोगशाळेत तपासता येईल, असं ठरलं. पहिली बाटली स्वतःसमोर भरून घेतली, चिठ्ठी चिकटवली, मामांची सही घेतली, खाली आपली केली. मामा म्हणाले, "सायेब, एवढा तर पोलीससुद्धा त्रास देत नाय."

"माझे वडील पोलीसच होते," चीफ म्हणाले.

त्यांनी एक उतारा लिहिला. जहाजाच्या नोंदवहीत लिहितात तशा सुट्या, ठळक अक्षरांत. यादीतली दुकानं तेल टाकत नाहीत. काही दुकानं अस्तित्वात नाहीत. जे थोडं निघतं ते आधीच साबणाला जात होतं. मग पुरवठादार एवढं तेल कुठून आणतो हे जोवर कळत नाही, तोवर या इंधनाला स्वच्छ म्हणता येणार नाही. अर्धं पानसुद्धा नव्हतं. ते अहवालात गेलं आणि तक्ता पिवळा झाला.

डायरेक्टरांनी वाचलं आणि मला बोलावलं. "दुकानं मोजत फिरायला आपल्याला कोणी सांगितलं होतं? पुरवठादाराचं प्रमाणपत्र आहे, ते धरा आणि पुढे चला. हा उतारा काढा, रंग नीट करा, चीफची सही घ्या. शुक्रवारी जायला हवा."

मी चीफांकडे गेले. समजावलं, विनवलं, शेवटी भांडले. "तुमचं काय जातंय?" मी म्हटलं. "तुम्हाला पेन्शन आहे. मुलगा परदेशात आहे. इथे मी तीन वर्षं दर सहा महिन्यांनी हात जोडून उभी राहते. एक उतारा, चीफ! जगातली सगळी जहाजं काय तुमच्या एका उताऱ्याने स्वच्छ होणार आहेत?"

ते म्हणाले, "नाही होणार. पण काढायचा तर माझ्यासमोर काढ."

मी तरातरा निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. काकूंचा फोन आला, छातीत दुखलं, परळच्या रुग्णालयात ठेवलंय.

आता जे सांगते ते सांगताना मला अजून लाज वाटते. गुरुवारी सकाळी मी ऑफिसात बसून तो उतारा काढला. तक्ता हिरवा केला. पानं पुन्हा छापली आणि दुपारच्या भेटीच्या वेळेला फाइल घेऊन रुग्णालयात गेले. बरोबर शहाळं नेलं होतं. फाइल पिशवीत शहाळ्याखाली ठेवली होती, म्हणजे मी फक्त भेटायलाच आलेय असं वाटावं. रस्ताभर उत्तरं पाठ करत होते. ते 'आणि त्याच्या आधी?' म्हणाले की हे सांगायचं, परत म्हणाले की ते.

ते उशांना टेकून बसले होते. दाढी वाढलेली, हाताला सलाइनची सुई. टोपीशिवाय फार लहान दिसत होते. काकू शहाळं घेऊन ते फोडून आणायला खाली गेल्या.

"फाइल आणलीस?" त्यांनीच विचारलं.

मी काढून दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि सरळ शेवटच्या पानावर आले. चष्मा नाकावरच होता. बोटाने कागद सरकवला नाही.

"पेन दे."

"चीफ?"

"सुईचा हात आहे. पॅड नीट धर जरा."

मी धरलं. त्यांनी सही केली. वेडीवाकडी झाली, पण पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट.

"विचारलं नाहीत काही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय विचारायचं?" ते म्हणाले. "तू होतीस ना माझ्याबरोबर. सगळं तुझ्यासमोरच भरलंय." आणि डोळे मिटून घेतले.

मी खाली आले. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर बसथांबा आहे, तिथे बसले आणि रडले, आणि खरं सांगते, रडू कमी आणि संताप जास्त होता. तीन वर्षं या माणसाने मला छळलं होतं. चहाच्या साखरेपासून मेथनॉलपर्यंत प्रत्येक गोष्टीला आधी काय होतं ते विचारून नाकी नऊ आणले होते. आणि आयुष्यात एकदा, फक्त एकदा, विचारायला हवं होतं तेव्हा हा गृहस्थ पेन मागतो! एक प्रश्न विचारला असता तर मी खोटं बोलले असते, त्यांनी ओळखलं असतं, भांडण झालं असतं आणि मी सुटले असते. आता काय करायचं? देवाने भरलेल्या बाटलीवर सही न करणाऱ्या माणसाने मी भरलेल्या बाटलीवर सही केली होती.

मी ऑफिसात परत गेले. उतारा होता तिथे परत घातला. तक्ता पिवळा केला. शेवटच्या पानावर दोन सह्या होत्याच, ते पान तसंच मागे लावलं. आणि डायरेक्टर बाहेरगावी असताना शुक्रवारी अहवाल कंपनीला पाठवून दिला.

पुढे जे व्हायचं ते झालं. सोमवारी केबिनचं दार बंद करून डायरेक्टर अर्धा तास बोलले, ते सगळं लिहिण्यासारखं नाही. जहाज कंपनीने आमचा अहवाल ठेवून दिला आणि दुसरीकडून हिरवा अहवाल करून घेतला. माझं कायमचं पत्र निघालं नाही, कंत्राट सहा महिन्यांनी वाढलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

उतारा परत घातला हे मी चीफांना सांगणार होते. अहवाल पाठवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी जायचं ठरवलं होतं. शनिवारी पहाटे ते गेले.

आणि आता एक गोष्ट मला सोडत नाही. तो उतारा काढल्यावर एक पान कमी झालं होतं. शेवटच्या पानावरचा आकडा एकाने खाली आला होता. मी तो पाहिला होता आणि घाईत दुर्लक्ष केलं होतं; कंपनीला गेलेल्या अहवालातही तो तसाच गेला. ज्या माणसाला दूधवाल्याच्या दुकानातली तेलाची नोंद खुपते, त्याला तो आकडा दिसला नसेल? दिसला असेल तर सही का केली? मला लाज वाटावी म्हणून? की मी उतारा परत घालेन अशी खात्री होती? की खरंच थकले होते आणि काहीच पाहिलं नाही? जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारत राहिले, आणि मला एकच विचारायचा होता तर थांबले नाहीत. मला त्यांचा याबद्दल अजूनही राग आहे. आठवणही रोज येते, पण राग आहे.

चार महिन्यांनी दुसरी एक कंपनी तसंच खाद्यतेलाचं इंधन घेऊन आली. पुरवठादार वेगळा, यादी वेगळी. पहिल्याच पानावर लालबागच्या मामांचं दुकान. मी यादी पर्समध्ये घातली आणि दुपारी निघाले.

कढई चालू होती. मामांनी मला ओळखलं. "अहो, बरं झालं आलात. तुमचे सायेब कुठायत? चार महिने फिरकले नाय." आणि मी काही बोलायच्या आत ते मागे वळले आणि फळीवरून चार बाटल्या काढून त्यांनी काउंटरवर मांडल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर महिना, खाली मामांची वळणदार सही. दुसऱ्या सहीची जागा चारही बाटल्यांवर मोकळी.

मी त्यांना सांगितलं. मामांनी गॅस बारीक केला. 

"चांगला माणूस," ते म्हणाले. "डोक्याला ताप होता, पण चांगला." मग खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "आता तुम्हीच करा सह्या. चारही भरूनच ठेवल्यात."

मी पेन घेतलं. एक बाटली हातात धरली, उजेडात फिरवून पाहिली आणि खाली ठेवली.

"मामा, ह्या नकोत. माझ्यासमोर एक नवी भरा."

"काय?"

"कढईतली. आत्ता. मी उभी आहे."

मामांनी माझ्याकडे बघितलं, चार बाटल्यांकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "च्यायला, आता तुम्ही पण?" असं म्हणून त्यांनी फळीवरची रिकामी बाटली काढली, फडक्याने आतून-बाहेरून पुसली आणि कढईत पळी घातली.